एकांत आणि लोकसेवा : ख्रिस्ती धर्मसेवकांच्या जीवनातील एक प्रश्न

‘अंतर्मुख’ हा शब्द आपल्याला नवा नाही. कीर्तनात, प्रवचनात तो आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि तेथे तो नेहमी गौरवानेच येतो. विषयांकडे धावणारे मन आत वळले म्हणजे माणूस अंतर्मुख झाला, असे आपण म्हणतो. परंतु “मुलगा हुशार आहे, पण जरा अंतर्मुख आहे,” असे शिक्षक पालकांना सांगतात तेव्हा त्या शब्दात गौरव नसतो. असलीच तर थोडी काळजी असते. एकाच शब्दाला मान आणि काळजी दोन्ही चिकटावीत, हे जरा चमत्कारिक खरे. पहिल्या अर्थाने अंतर्मुख होणे ही साधना आहे. कोणीही प्रयत्नाने ती करू शकतो. दुसऱ्या अर्थाने अंतर्मुख असणे हा स्वभाव आहे; तो मागून घेतलेला नसतो आणि सहजी टाकताही येत नाही.

आजचा विषय या दोन अर्थांच्या सांध्यावरचा आहे. ज्याचा स्वभाव अंतर्मुख आहे, पण ज्याने पत्करलेले काम दिवसभर माणसांत राहण्याचे आहे, अशा माणसाने काय करावे? त्याला एकांत हवासा वाटतो ती त्याची गरज समजावी, की कर्तव्यातून काढलेला पळ समजावा? या प्रश्नासाठी मी ख्रिस्ती धर्मसेवकाचे उदाहरण निवडले, त्याला कारण आहे. या व्यवसायात माणसांकडे जाण्याची आज्ञा आणि एकांतात जाण्याचा आदर्श, दोन्ही एकाच ग्रंथातून येतात. शिवाय या ओढाताणीची लेखी साक्ष सोळा-सतराशे वर्षांपासून आपल्यापुढे आहे.

प्रथम या माणसाचे काम काय असते ते पाहू. मराठी ख्रिस्ती समाजात प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतात. पाळक म्हणजे मेंढपाळ. कॅथलिक लोक त्यांना ‘फादर’ म्हणतात. रविवारची उपासना आणि उपदेश हा त्यांच्या कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग त्याहून पुष्कळ मोठा. कोणाच्या घरी आजारपण, कोणाच्या घरी भांडण, कोठे बाप्तिस्मा, कोठे लग्न, कोठे अंत्यविधी; मंडळीच्या सभा, शाळेचा हिशेब, नोकरी सुटलेल्या तरुणाची चिठ्ठी. सकाळी प्रेतापाशी उभे राहायचे आणि संध्याकाळी लग्नघरी हसतमुखाने जायचे. उपासना संपल्यावर दाराशी उभे राहून प्रत्येकाचा हात हाती घ्यायचा, आणि कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या आईचा गुडघा हे सारे आठवणीत ठेवायचे. ज्याला गर्दीत उत्साह येतो त्याला हे जड जात नाही. पण ज्याला चार माणसांशी बोलून झाल्यावर खोलीचे दार लावून घ्यावेसे वाटते, त्याचे काय? आणि असा माणूस या कामात येतो तो बहुधा प्रार्थनेच्या व अभ्यासाच्या ओढीनेच येतो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाची खोली ध्यानात येईल.

आता मानसशास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन स्वभावांची आजची मांडणी स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांच्यापासून सुरू होते. १९१३ साली म्युनिक येथील परिषदेत त्यांनी हा विचार मांडला, आणि १९२१ साली मानसिक प्रकारांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. युंग स्वतः एका पाळकाच्या घरात वाढले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या मते प्रश्न मनाची शक्ती कोणत्या दिशेने वाहते, हा आहे. बहिर्मुखाची शक्ती माणसांकडे व वस्तूंकडे वाहते. अंतर्मुखाची स्वतःच्या विचारांकडे व अनुभवांकडे. प्रत्येकात दोन्ही प्रवाह असतात. एक जोराचा, दुसरा मंद, इतकेच.

पुढे १९६७ साली हान्स आयझेंक यांनी याला शरीरशास्त्राची जोड देण्याचा प्रयत्न केला. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागृत असतो, म्हणून बाहेरची थोडी खळबळही त्याला पुरेशी होते, असे त्यांचे म्हणणे होते. या संदर्भात एक गमतीचा प्रयोगही सांगतात. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले असता अंतर्मुख माणसांच्या तोंडाला अधिक पाणी सुटते, असे त्यात दिसले. मात्र मेंदूचे प्रकरण आयझेंक समजत होते तितके सरळ नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासात तर असे आढळले, की माणसांत मिळूनमिसळून वागताना मन प्रसन्न होते, पण काही तासांनी थकवा जाणवतो. आणि हा अनुभव अंतर्मुखांप्रमाणे बहिर्मुखांनाही येतो. म्हणजे विश्रांती सर्वांनाच हवी. अंतर्मुखाला तिची निकड लवकर जाणवते, असे म्हणणे अधिक सुरक्षित.

येथे तीन शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. बुजरा माणूस लोकांना भितो. माणूसघाणा लोकांचा तिटकारा करतो. अंतर्मुख यांपैकी काहीच करीत नाही. त्याला माणसे आवडतात, त्यांच्याविषयी कळवळा असतो. फक्त त्यांच्यात वावरताना त्याचा साठा खर्च होत जातो. वैशाखातल्या विहिरीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. सकाळभर उपसा केला की पाणी तळाला जाते; मग दुपारी मोट थांबवावी लागते, म्हणजे झऱ्यांतून पुन्हा पाणी पाझरते. विहीर थांबली म्हणून कोणी तिला आळशी म्हणत नाही. पण थांबणारा माणूस पाळक असला, की मंडळी कुजबुजू लागते, आणि पुष्कळदा त्याचे स्वतःचे मनही त्याला टोचू लागते.

हे टोचणे कितपत योग्य आहे? ख्रिस्ती माणूस याचे उत्तर शुभवर्तमानातच शोधणार. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एका दिवसाचे वर्णन आहे. कफर्णहूम गावात शब्बाथाच्या दिवशी येशू सभास्थानात शिकवितो. तेथून शिमोनाच्या घरी जाऊन त्याच्या सासूला बरे करतो. सूर्यास्तानंतर सारा गाव दाराशी लोटतो, आणि तो अनेकांना बरे करतो. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून रानात एकान्ती जातो व प्रार्थना करतो. शिमोन आणि सोबती शोधत येतात आणि सांगतात, की सगळे लोक तुमचा शोध करीत आहेत. यावर तो गावात परत जात नाही. दुसऱ्या गावांकडे निघतो. एकांतातून तो बाहेर आला खरा, पण कोठे जायचे हे गर्दीने ठरविले नाही. एकांतात त्याने स्वतः ठरविले.

याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात उलट बाजू दिसते. कामगिरीवरून परतलेल्या शिष्यांना जेवायलाही सवड नाही, इतकी ये-जा चालू आहे. येशू त्यांना निर्जन स्थळी जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. सगळे होडीत बसून निघतात. पण लोक किनाऱ्याने धावत आधीच तेथे पोचतात. आता काय करावे? तो त्यांना हाकलून देत नाही. त्यांचा त्याला कळवळा येतो, तो त्यांना शिकवितो, आणि पाच हजारांच्या जेवणाची प्रसिद्ध कथा तेथेच घडते. मात्र संध्याकाळ झाल्यावर तो शिष्यांना होडीने पुढे पाठवितो, लोकांना निरोप देतो आणि प्रार्थनेसाठी एकटाच डोंगरावर जातो. मोडलेला एकांत त्याने रागावून मागितला नाही, आणि सोडूनही दिला नाही; तो फक्त रात्रीवर ढकलला. धर्मसेवकाच्या दिनचर्येसाठी याहून व्यवहारी धडा मिळणे कठीण.

जुन्या करारातील एलीयाची कथाही येथे आठवते. कर्मेल डोंगरावर हजारो लोकांसमोर मोठा विजय मिळविल्यावर हा संदेष्टा राणीच्या धमकीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्याला उपदेश केला जात नाही. आधी झोप मिळते, मग भाकर आणि पाणी, आणि पुन्हा झोप. नंतर चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब पर्वतावर पोचतो. तेथे वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतर शांत, मंद वाणी त्याच्या कानी येते. आणि ती वाणी त्याला सांगते काय? परत जा. पुढचे काम दिले जाते, आणि त्या कामात अलीशा नावाचा सोबतीही दिला जातो. अन्न, झोप, एकांत, काम आणि सोबत, असा हा क्रम आहे. यातील एकही पायरी गाळण्यासारखी नाही.

आता इतिहासाकडे वळू. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील कप्पदोकिया प्रांतात नाझियान्झसचे ग्रेगरी नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. त्यांचे वडील तेथील बिशप होते. सुमारे ३६१-६२च्या हिवाळ्यात वडिलांनी मुलाला त्याच्या मनाविरुद्ध धर्मगुरूची दीक्षा दिली. ग्रेगरींनी याला जुलूम म्हटले आणि ते आपला मित्र बेसिल याच्या एकांतस्थळी पळून गेले. पण ३६२ च्या ईस्टरपर्यंत ते परत आले, आणि आपण का पळालो व का परतलो याचे सविस्तर निवेदन त्यांनी लिहिले. माणसांच्या आत्म्यांची जोपासना ही सर्व कलांत कठीण कला आहे. ज्याने स्वतःचे मन पाहिले नाही त्याने दुसऱ्याचे सावरायला जाऊ नये, असा त्याचा आशय आहे. धर्मसेवकाच्या जबाबदारीवरील पुढचे अनेक प्रसिद्ध ग्रंथ या एका पळालेल्या माणसाच्या निवेदनाचे ऋणी आहेत.

ग्रेगरींची कथा येथे संपत नाही. ३७२ साली बेसिलने त्यांना सासिमा या धुळीने भरलेल्या हमरस्त्यावरील ठाण्याचे बिशप केले. तेथे ते कधी रमले नाहीत. आईवडिलांच्या मृत्यूनंतर ते सेल्युकिया येथे काही वर्षे एकांतात राहिले. तेथून ३७९ साली त्यांना राजधानी कॉन्स्टँटिनोपलला बोलावणे आले, आणि तेथे त्यांनी दिलेली पाच तात्त्विक व्याख्याने आजही ख्रिस्ती विचाराचा पाया मानली जातात. ३८१ च्या धर्मपरिषदेत मात्र भांडणांना कंटाळून त्यांनी पद सोडले आणि ते गावी परतले. त्यांना अपयशी म्हणावे काय? सासिमाच्या दृष्टीने होय. पण त्यांचे सर्वांत मोठे सार्वजनिक कार्य दीर्घ एकांताच्या पाठोपाठ आले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

दुसरे ग्रेगरी म्हणजे रोमचे पोप, ज्यांना इतिहास ‘थोर’ म्हणतो. रोमच्या नगरप्रमुखाचे पद सोडून त्यांनी स्वतःच्या वाड्याचा मठ केला आणि ते संन्यासी झाले. ५९० साली, शहरात साथीने माणसे मरत असताना, त्यांची पोप म्हणून निवड झाली. हरवलेल्या शांततेविषयीचे दुःख त्यांच्या पत्रांत वारंवार येते. तरी ६०४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी दुष्काळ, युद्ध आणि धान्यपुरवठा यांचा भार वाहिला. धर्मसेवकांसाठी त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात दोन्ही बाजूंना समज दिलेली आहे. बाहेरच्या व्यापात आतले जीवन आटू देऊ नये, आणि आतल्या जीवनाच्या निमित्ताने बाहेरच्या माणसांना वाऱ्यावर सोडू नये. ज्याला गुण मिळाले आहेत पण जो शांततेच्या लोभाने ते वापरीत नाही, तो जितक्यांना साहाय्य करू शकला असता तितक्यांचा अपराधी ठरतो, इतके कडक त्यांचे म्हणणे आहे. स्वतः एकांतासाठी तळमळणाऱ्या माणसाने हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील. जोनाथन एडवर्ड्स हे मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन गावचे पाळक. १७२९ पासून मंडळीची सर्व जबाबदारी त्यांच्यावर होती. ते दिवसाचे तेरा तास अभ्यासिकेत घालवीत, असे त्यांच्या पहिल्या चरित्रकाराने नमूद केले आहे. घरोघर नित्य भेटी देण्याची चाल त्यांनी ठेवली नाही. आजाऱ्याने बोलाविले तर ते जात. ज्याच्या मनात काही सलत असेल त्याला अभ्यासिकेचे दार उघडे होते. पण सहज गप्पांसाठी जाणे आपल्याला साधत नाही, असे त्यांचे मत होते. २२ जून १७५० रोजी मंडळीने त्यांना पदावरून दूर केले. वादाचे कारण धर्मशास्त्रीय होते. प्रभुभोजनाला कोणाला बसू द्यावे, हा तो वाद. तथापि तेवीस वर्षांच्या सहवासानंतरही संकटाच्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहणारे थोडेच निघाले, यात अभ्यासिकेच्या दाराचा काहीच भाग नसेल असे म्हणवत नाही. पुढे ते सीमेवरच्या स्टॉकब्रिज या छोट्या वस्तीत आदिवासींमध्ये काम करू लागले, आणि तेथेच त्यांनी इच्छास्वातंत्र्यावरील आपला विख्यात ग्रंथ पुरा केला. तो १७५४ साली प्रसिद्ध झाला. विद्येला एकांत फळला. मंडळीशी असलेल्या नात्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

या अनुभवांतून ख्रिस्ती धर्मसंस्थांनी एक गोष्ट ओळखली, की एकांत प्रत्येकाच्या लहरीवर सोडला तर एक जण त्यात बुडतो आणि दुसऱ्याला तो मिळतच नाही. म्हणून त्याचे नियम केले गेले. इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. सुमारे तीस दिवसांच्या मौनाचा तो कार्यक्रम आहे, आणि जेझुइट लोक दर वर्षी आठ दिवस त्याची उजळणी करतात. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेने सामान्य धर्मगुरूंनाही निदान तीन वर्षांतून एकदा असे एकांतसेवन बंधनकारक केले. १९८३ च्या संहितेतही ते कर्तव्यांत मोडते. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, आणि पुढे पुण्यात त्याचा आश्रम उभा राहिला. प्रार्थना, अभ्यास आणि सेवा एका छपराखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. अमेरिकन मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांनी तर पहिल्या काही वर्षांतच कामाच्या ताणाने मन व शरीर दोन्ही खचल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांनी १९३० साली कुमाऊँच्या डोंगरात सातताल येथे आश्रम काढला. १९७० नंतरच्या दशकात फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात व नंतर लोणावळ्यास ‘साधना’ संस्थेतून धर्मगुरूंना आणि भगिनींना मौन बसायला शिकविले.

येथे एक शंका रास्त आहे. एकांताचा इतका महिमा सांगितला, तर कामचुकार माणसाला सबब मिळणार नाही काय? मिळेल, आणि म्हणून कसोटी हवी. जर्मन पाळक डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३५ ते १९३७ या काळात फिन्केनवाल्ड येथे पाळकांचे शिक्षण-केंद्र चालविले. नाझी पोलिसांनी ते बंद पाडले. तेथील अनुभवावर लिहिलेल्या आणि १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते सांगतात, की ज्याला एकटे राहता येत नाही त्याने संगतीपासून जपावे, आणि ज्याला संगतीत राहता येत नाही त्याने एकांतापासून जपावे. पहिला माणूस लोकांत स्वतःपासून लपत असतो, दुसरा एकांतात लोकांपासून. मला वाटते, कसोटी यातच आहे. एकांतातून परतल्यावर दारात उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे अधिक धीराने ऐकता येते काय? येत असेल तर तो एकांत सेवेचाच भाग. परतावेसेच वाटत नसेल, तर दुखणे निराळे आहे, आणि त्यासाठी सोबत्याची किंवा डॉक्टरांची गरज आहे. आणखी एकांताने ते बरे होणार नाही.

मग अंतर्मुख पाळकाने प्रत्यक्षात काय करावे? पहिली गोष्ट, एकांताची वेळ ठरवून घ्यावी आणि ती मंडळीला उघड सांगावी. लपवून घेतलेल्या विश्रांतीला चोरीचा वास येतो. दुसरी, अंत्यविधी, भांडण, मोठी सभा अशा जड प्रसंगांनंतर लगेच दुसरा जड प्रसंग ठेवू नये. तिसरी, आपल्या स्वभावाचे बळ ओळखावे. शंभरांच्या मेळाव्यात तो फिका पडेल. पण मृत्युशय्येपाशी न बोलता तासभर बसणे त्याला जसे साधते तसे बोलक्याला क्वचितच साधते. चौथी, सगळे आपणच करण्याचा हट्ट सोडावा. मंडळीत माणसे गोळा करण्याची हौस असलेले कोणी ना कोणी असतेच. स्वागताचे काम त्याच्याकडे द्यावे. आणि पाचवी, घरच्यांना विसरू नये. बाहेर सगळ्यांना हसतमुखाने भेटून घरी आल्यावर पत्नीशी व मुलांशी मौन पाळणे, याला एकांत म्हणत नाहीत.

राहिला प्रश्न मंडळीचा, म्हणजे तुमचा आमचा. जो आपल्यासाठी कोणत्याही वेळी उपलब्ध असतो तोच खरा सेवक, अशी आपली समजूत असते. पाळक असो, डॉक्टर असो, शिक्षक असो वा सार्वजनिक कार्यकर्ता असो, दुपारी त्याचे दार लोटलेले दिसले की आपल्याला राग येतो. संकट असेल तर दार अवश्य ठोठवावे. त्यासाठीच तो आहे. पण सहज आलो होतो, एवढेच कारण असेल, तर क्षणभर थांबून विचार करावा, की उद्या आपल्यावरच प्रसंग आला तर या माणसाच्या विहिरीत पाणी असलेले आपल्याला हवे आहे की नको? हवे असेल, तर आज ती दुपार त्याची त्याला राहू द्यावी. त्याच्या सेवेत तेवढा वाटा आपणही उचलू शकतो.